बरोबरी बंद

बाबा आणि काका दोघं मिळून सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतात, आणि दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की दोघं मिळून बुद्धिबळ खेळतात. पट एका रिकाम्या खोक्यावर. काळा एक हत्ती कधीचा हरवलाय, त्याच्या जागी चाकाचा नट उभा असतो आणि तो हत्तीपेक्षा रुबाबदार दिसतो. नियम एकच. जो हरेल त्याने दुकान झाडायचं.

आता यात गोम अशी, की दोघं भाऊ हरायचेच बंद झाले. थोडा वेळ ठोकाठोकी करायची, मग एक म्हणणार, "बरोबरी?", दुसरा लगेच हात पुढे करणार. कोणी हरलं नाही, म्हणजे कोणी झाडायचं नाही. मग झाडायचं कोणी? तिथे शाळेचं दप्तर टेकवून उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाने. म्हणजे मी.

एरवी मी सहनही केलं असतं. पण यंदा मी शाळेच्या बुद्धिबळ संघात आलेय (हे वाक्य मी दिवसातून बऱ्याच वेळा म्हणते, आई म्हणते पुरे), आणि सराव नेमका दुकान झाडायच्या वेळेला सुरू होतो. आमच्या सरांनी काल शांतपणे सांगितलं, "उद्या उशीर झाला तर तुझ्या पटावर दुसरी बसेल." सर शांतपणे बोलले की ते खरं असतं.

गुणपद्धतच बदलायचा माझा खटाटोप तर कधीचा चालू होता.

आधी सुचवलं, बरोबरी झाली तर अर्धं-अर्धं झाडायचं. काकाने खडूने मधोमध रेघ मारली. मग दोघांनी आपापला कचरा रेघेपलीकडे ढकलला आणि हात झटकले. मग मी म्हटलं, बरोबरी म्हणजे काळ्याचा विजय, कारण पांढरा आधी खेळतो, त्याला जिंकायला काय धाड भरलीय? तर काळ्या सोंगट्या कोणाच्या यावरच इतकं भांडण पेटलं की डाव मांडलाच नाही. डाव नाही, हार नाही. झाडू पुन्हा माझ्या हातात.

"भिंगरे, जगभर बरोबरीला अर्धा गुण मिळतो," काका म्हणाला. तो मला भिंगरीच म्हणतो. "सभ्य माणसांचा खेळ आहे."

"सभ्य माणसं झाडतात पण."

"हिची जीभ बघ, दादा."

"तुझ्यावर गेलीय," बाबा म्हणाले.

आज मी नवा नियम घेऊन आले. तुम्ही बरोबरीसाठी हात मिळवलात की खुर्ची माझी. मला हवी ती बाजू घेऊन तिथूनच पुढे खेळणार. जिंकले तर आजपासून कायम तुम्ही दोघांनी झाडायचं. हरले किंवा बरोबरी झाली, तर परीक्षा संपेपर्यंत मी झाडेन, हूं की चूं न करता.

"बरोबरीतसुद्धा तूच हरणार?" बाबांना माझी काळजी वाटली. काकाला आनंद झाला. त्याने तोंड लपवलं, पण कान हसत होते.

डाव नेहमीसारखाच झाला. सोंगट्यांची खांडोळी झाली, शेवटी काकाकडे राजा आणि एक प्यादं, बाबांकडे नुसता राजा. "बरोबरी?" बाबा. "बरोबरी." काका. हात मिळाले.

"ऊठ काका."

मी काकाच्या खुर्चीत बसले आणि मला एकदम कळलं, या दोघांना इथून पुढचा खेळ येतच नाही. कसा येईल? वर्षानुवर्षं ते इथेच उठून हात धुतायत.

"प्यादं पळव," काका कानाशी कुजबुजला. मघाशी माझ्याविरुद्ध होता, आता खुर्ची त्याची म्हणून माझा झाला.

"नाही पळवणार. राजा पुढे, प्यादं मागे."

"राजा कधी हमाली करतो का?"

"शेवटी सगळ्यांनाच करावी लागते."

मी राजा पुढे नेला. बाबांचा राजा समोर आला. मी समोरासमोर थांबले आणि चाल त्यांची होती. त्यांना बाजूला सरकावंच लागलं. पुन्हा समोर, पुन्हा बाजूला. बाबांनी चष्मा वर ढकलला, ग्रीसचा ठिपका नाकावर उमटला. मला गुदगुल्या होत होत्या आणि घड्याळ माझ्याकडे डोळे वटारत होतं.

"बरोबरी?" बाबांनी सवयीने विचारलं.

"नाही."

हा शब्द तोंडातून इतका गोड निघाला की मला तो परत म्हणावासा वाटला. माझा राजा वाटेतून हटला, प्यादं टुकूटुकू शेवटच्या घरात गेलं, वजीर झालं, आणि थोड्याच चालींत मात.

मग काकाने झाडू घेतला, बाबांनी सुपडी. काका जुन्या टायरांच्या ढिगामागे झाडू खुपसून काहीतरी ओढू लागला. धुळीच्या गोळ्यातून बाहेर आला काळा हत्ती.

बाबांनी हत्ती फुंकला, मग माझ्याकडे पाहिलं. "तू रोज झाडत होतीस ना?"

"रोज."

"इथे, टायरांच्या मागेही?"

मी सायकलचं हँडल धरलं. तोंड शक्य तितकं सभ्य केलं आणि दुसरा हात पुढे केला. "बरोबरी, बाबा?"

"दुकानात बरोबरी बंद आहे," काका झाडूवर रेलून म्हणाला. "कोणा भिंगरीचा नियम आहे म्हणे."

बाबांनी तरीही हात मिळवला, धुळीने भरलेला. "पळ. उशीर होईल."

मी वेळेत पोचले. माझ्या पटासमोरच्या मुलीने डाव सुरू करायच्या आधी हात मिळवला, मग स्वतःचा काळा झालेला तळवा बघितला, मग माझ्याकडे.

"घरी काय करतेस तू?" तिने विचारलं.

"जिंकते," मी म्हटलं, आणि प्यादं पुढे केलं.