घोंगड्यातल्या उवा

केशोरीच्या चौकात दीडशे माणूस जमलं होतं आणि सगळे एका कुत्र्याच्या अंगावरच्या उवा बघत होते. "काल धुतला तवा एक नव्हती, डॉक्टर!" जीवनलाल मला सांगत होता. मी इथला जनावरांचा डॉक्टर.

झालं होतं असं. जीवनलालच्या नऊ वर्षांच्या सोनिकाला हुडहुडी भरून ताप यायचा. ताप उतरवून देणारे उतारा महाराज गावात आले. त्यांनी आपलं काळं घोंगडं दिवसभर पोरीवर आणि घरच्या कुत्र्यावर मिळून पांघरलं. "देखो, बुखार की जूं बन गई! ताप उवा होऊन कुत्र्यात गेला. आता पोरीले गोळी द्याची नाई, नाहीतर वापस येईल." दुसऱ्या दिवशी ताप नव्हता. झाला जयजयकार!

"अरे, घोंगड्यात आधीच होत्या उवा," मी म्हणालो. "माणसाची ऊ कुत्र्यावर जगत नाही. पोरीला दवाखान्यात ने."

"पुरावा द्या," जीवनलाल म्हणाला. "मंग नेतो."

मला चेव आला. सोनिकाच्या केसांतल्या, तिच्या कुत्र्यावरच्या आणि महाराजांच्या पाळीव कुत्र्यावरच्या उवा तीन बाटल्यांत भरून डीएनए तपासायला नागपूरला धाडल्या. कुत्र्यावरच्या उवा कुत्र्याच्याच, हे मला भिंगाखालीच कळलं होतं, पण गावाला मशीनचा शब्द हवा होता. आणि खरं सांगतो, मलाही जिंकायचं होतं.

ताप परत आला, गेला, परत आला. आठव्या दिवशी बेशुद्ध पोर दवाखान्यात नेली. मलेरिया निघाला. तो ताप दिवसाआड येतो. मधला रिकामा दिवस महाराजांनी चमत्कार म्हणून खपवला होता. सोनिका वाचली नाही.

रिपोर्ट तिसऱ्या आठवड्यात आला. सोनिकाच्या उवा माणसाच्या. दोन्ही कुत्र्यांवरच्या कुत्र्याच्या, आणि त्यांचा डीएनए एकमेकांशी जुळत होता. महाराज घोंगडं आपल्याच कुत्र्याखाली अंथरत होते. मी चौकात सगळं वाचून दाखवलं. महाराज तोवर पसार झाले होते. मला काही वाटत नव्हतं. हातात कागद होता, एवढंच.

गिरजा, सोनिकाची माय, म्हणाली, "डॉक्टर, तुमी उवा तपासल्या. माह्या पोरीचं रक्त काऊन नाई तपासलं?"

ती तपासणी गावातच, आरोग्य खात्याच्या आशाताईकडे फुकट होते. बोटाला टोचायचं, पंधरा मिनिटं थांबायचं. तर बाप्पा हो, ताप आला की आधी रक्त तपासा. महाराजाला खोटं पाडायला नंतर जन्म पडला आहे.