गोजरबाईची बाज

मी बाज. तुमच्या घरात आता दिवाण असेल, नाहीतर लोखंडी पलंग, म्हणून आधीच सांगते: चार खुरांची, दोरानं विणलेली साधी बाज आहे मी. पुसेगावात सोनाजीच्या घरामागच्या भिंतीला मला आडवी टेकवून ठेवलंय. अंगावर दोर नाही, नुसता सांगाडा उरलाय. सांगाड्यानं काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्यावर आळ आला, आणि ज्या बाईनं तो माझ्यावरून उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतला तिचं कुणी ऐकून घेईना. म्हणून बोलते.

तातेराव सुतारानं मला घडवलं. खूर बाभळीचे, दांड्या सागाच्या. खिळा एकही नाही. खुरात भोक आणि भोकात दांडी, ठोकून बसवलेली. गोजरबाई तेव्हा दुसऱ्यांदा पोटुशी होती, आणि मला घडवलं ते तिच्या बाळंतपणासाठी. आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिना बाजेवर निजते. रोज सकाळी तिला तेल लावून, कढत पाण्यानं न्हाऊ घालतात, बाजेवर निजवतात आणि खाली निखाऱ्यांची शेगडी सरकवतात. निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकला की धूर दोरांमधून वर येतो, कंबर शेकते, बाईला झोप लागते. फळीच्या पलंगातून हा शेक येत नाही. त्याला बाजच लागते.

सोनाजी त्या खेपेला झाला. पुढं त्याची धाकटी भावंडं झाली. मग घरात सोनाजीची बायको आली, मंजुळाबाई. तिचं दुसरं बाळंतपण सासरी झालं. ती लेक म्हणजे प्रियंका. या सगळ्यांच्या पाठी माझ्यावर शेकल्या. याचा मला माज होता. खोटं कशाला बोलू, अजून आहे.

पहिला विणकर गावातलाच एक पुरुष होता. दोर तुटला की बोलवायचं, आणि तो उद्या येतो म्हणायचा. असे पंधरा उद्या झाल्यावर गोजरबाईनं मला अंगणात उलटी पाडली आणि माझी वीण एकेक पदर करत उसवली. कुठला दोर वरून गेला, कुठला खालून, हे बोटांनी मोजलं आणि पुन्हा विणायला बसली. तीन दिवस लागले. सासरा ओसरीवरून म्हणाला, "बाईमाणसाचं काम न्हाई ते."

"निजायचं काम बाईचं, अन् विणायचं बाईचं न्हाई व्हय?" ती म्हणाली. मान वर केली नाही.

मग अर्ध्या गावाच्या बाजा तीच विणू लागली. शेताच्या बांधाला अंबाडी असायची. ती कापून ओढ्याच्या पाण्यात दाबून ठेवायची, कुजली की साल सोलायची, तिचा वाख, म्हणजे धागे, धुवून वाळवायचा आणि मांडीवर वळून दोर करायचा. विणून झालं की वरून पाण्याचा शिपका. ओल्यानं अंबाडी आवळते, वाळली की पायथ्याच्या दोऱ्या पुन्हा ओढून घ्यायच्या. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण लाकूड आणि दोर यांच्याबद्दल तिला विचारून घ्यावं.

माझी निगा तिनं अशी राखली की लोक लेकराची राखत नसतील. चैतात मला उन्हात काढायची. ढेकूण लाकडात नसतो, सांध्यात असतो, म्हणून उकळतं पाणी नेमकं सांध्यावर ओतायची. चार दिवस सुकू द्यायची आणि मग जुन्या लुगड्याच्या चिंधीनं जवसाचं तेल पाजायची. पाजायची म्हणते, कारण वरवर पुसलेलं तेल लाकूड पीत नाही. तळवा तापेपर्यंत घासावं लागतं. सारवलेल्या ओल्या जमिनीवर मला कधी ठेवलं नाही, खुरांखाली चपटे दगड असायचे. कुणी मला फरफटत ओढलं तर शिव्या. दोघांनी उचलायचं.

पुढं घरात दिवाण आला. वर फुलाफुलांची चादर, आत गोधड्या कोंबलेल्या. मी मागच्या खोलीत गेले. माझ्यावर सोयाबीनची पोती चढली, तुरीच्या डाळीचे डबे चढले. पोत्यांच्या भारानं दोर मधोमध लोंबला. उंदरांनी कुरतडला. गोजरबाई येताजाता बघायची आणि म्हणायची, "थांब जरा." पण वाख आणायचा कुठून? बांधाला आता अंबाडी नव्हतीच. बांधापर्यंत सोयाबीन होतं.

प्रियंकाला दिवस गेले तेव्हा माझी आठवण झाली. तिचं सासर हिंगोलीत. नवरा कारकून, सासू शिस्तीची. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. गोजरबाईनं त्या दिवशी पोती स्वतः खाली ओढली. पंच्याहत्तरी गाठलेली बाई.

"माझ्या नातीची पाठ या बाजेवरच शेकायची," ती म्हणाली. "मग मला कुणीबी न्यायला या."

मंजुळाबाईनं मोबाईल पुढं धरला. "आत्याबाई, हे बघा. ही बाई पलास्टिकच्या दोरानं विणून राहिली. रंग बघा कसे."

गोजरबाईनं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. चौथ्यांदा म्हणाली, "ढिलं विणते. हिला कुणी शिकवलं?" दुसऱ्या दिवशी सोनाजीला सेनगावच्या बाजारातून दोर आणायला लावला. लाल आणि हिरवा. गुळगुळीत, चमकणारा. ना त्याला वास, ना कुसळ.

खरं सांगते, मलाही तो आवडला होता. किती वर्षांनी तिचे हात माझ्या अंगावरून फिरत होते. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण बोटं विसरली नव्हती. तिनं चौकटीत चौकट बसवली, लाल शंकरपाळ्यात हिरवा शंकरपाळा. बायका बघायला आल्या. भिंतीपलीकडची शकुंतलाबाई म्हणाली, "गोजरबाई, आता डोळे गेले म्हणत होत्या ना?"

"डोळे गेले. अक्कल न्हाई गेली."

"मग माझीबी विणून द्या. पोरीला सातवा लागलाय."

"दोर आणून टाक. चहा मात्र साखरेचा पाजायचा, मागच्यावाणी फिका न्हाई."

बायका हसल्या. त्या पंधरवड्यात गोजरबाईनं तसल्याच दोरानं आणखी दोन बाजा विणल्या. एक भिकाबाईची, एक शकुंतलाबाईची. इतकी आनंदात मी तिला तिच्या तरुणपणातही पाहिली नव्हती.

प्रियंका दवाखान्यात सुखरूप मोकळी झाली. मुलगी. पौषातली थंडी होती. तिसऱ्या दिवशी लेकराला घेऊन घरी आली आणि माझ्यावर निजली.

"आजी, दवाखान्यातल्या सिस्टर म्हणल्या, शेगडी-बिगडी करू नका. धुरानं लेकराला तकलीफ होते."

"लेकरू तुझ्या मायच्या मांडीवर ऱ्हाईल, बाहेरच्या खोलीत. शेक तुला द्यायचाय."

"पण त्या म्हणल्या ना."

"त्या सिस्टरची पाठ दुखंल तवा तिला इचार. माझी पंच्याहत्तरीत दुखत न्हाई, ते काहून?"

प्रियंका हसली आणि कुशीवर वळली. आजीपुढं या घरात कुणाचं चाललं होतं?

शेगडी ठेवताना गोजरबाई आपला तळहात दोराखाली धरून बघायची. जुनीच रीत होती तिची. हाताला सोसलं की पाठीला सोसतं. अंबाडीला ते बरोबर होतं. अंबाडी तापली तर वास देते, करपली तर काळी पडते, सांगून तुटते. हा परका दोर काही सांगत नव्हता. पहिल्या दिवशी जरा मऊ पडला. चौथ्या दिवशी मधोमध लोंबला, तेव्हा गोजरबाईनं पायथ्याच्या दोऱ्या ओढून घेतल्या. तिला वाटलं, नवी वीण आहे, बसते आहे. मला मात्र कळलं होतं. तो बसत नव्हता, वितळत होता. पण मी बाज. मी कुरकुरते, एवढंच मला येतं. मी कुरकुरले. तिनं सांध्यावर तेल सोडलं.

नवव्या दिवशी सकाळी फार गारठा होता. तिनं दोन निखारे जास्त टाकले. वर ओवा टाकला आणि गरम पाणी आणायला चुलीकडं वळली. प्रियंका उताणी निजली होती, अंगाखाली एक पातळ लुगडं, शेक वर यावा म्हणून.

जाळ झालाच नाही. आवाजही फारसा झाला नाही. माझे मधले दोर एकदम लांबले, एकमेकांना चिकटले आणि सुटले. प्रियंका माझ्यातून खाली गेली, थेट शेगडीवर. दोन्ही बाजूंच्या दांड्यांमध्ये ती अडकली होती. तिला उठता येईना आणि मला तिला सोडता येईना.

पुढचं सगळं मी ऐकलं, पाहिलं नाही. तिला ओढून काढल्यावर कुणीतरी मला लाथेनं उलटी पाडली होती. जीप आली. सेनगाव, तिथून हिंगोली. लेकरू मंजुळाबाईच्या कडेवर रडत गेलं.

पाच दिवसांनी मंजुळाबाई कपडे न्यायला आली तेव्हा सोनाजीला हळू सांगत होती. दोर पाठीला चिकटला होता. डॉक्टरांनी सोलून काढला. आता पाठीवर वीण उठलीय. शंकरपाळे.

भिंतीच्या अलीकडं, माझ्याजवळ, गोजरबाई होती. तिनंही ऐकलं.

दवाखान्यातूनच प्रियंकाला सासरी नेलं. सासू म्हणाली, माहेरी आता पाय ठेवायचा नाही, आणि तिचं तरी काय चुकलं? बारसं तिकडंच झालं. नाव जाई ठेवलं, हे इकडं फोनवर कळलं. गोजरबाईनं लेकराचं तोंड नऊ दिवस पाहिलं, तेवढंच. परवा फोनवर प्रियंका म्हणाली, "मी बरी हाय आजी, काळजी करू नको." गोजरबाईनं विचारलं, "निजतीस कशी?" तिनं आधी जाईचं काहीतरी सांगितलं. मग, "पालथी." गोजरबाईनं फोन मंजुळाबाईच्या हातात दिला आणि परसात निघून आली.

घरात मात्र सगळ्यांनी मिळून एक ठरवून टाकलं होतं: बाज अपशकुनी. म्हातारीला कुणी बोलायचं नाही. सोनाजी कुऱ्हाड घेऊन मागं आला. "माय, सरक. हिला फोडतो. हिनंच घात केला."

ती माझ्या आणि त्याच्यामध्ये उभी राहिली. "तिनं काय केलं? तिचा सांधा तरी हलला का? दोर मी विणला. इस्तू मी ठेवला. पोरगी नको म्हणत व्हती, अन् मी तिला हसले. फोडायचं तर मला फोड."

"असं काहून बोलून राहिलीस माय? कुणी तुला काही म्हणलं का?"

"म्हणा ना मग. कुणीतरी म्हणा."

सोनाजी कुऱ्हाड टाकून गेला. त्याला आईला दोष द्यायचा नव्हता. त्याला वाटतं ही माया आहे. पण बाज अपशकुनी म्हटलं की ती बाज तेवढी वाईट; गावातल्या बाकीच्या बाजा चांगल्याच राहिल्या. हे त्या म्हातारीखेरीज कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तिनं विळ्यानं माझ्या अंगावरचा जळका दोर कापून काढला. मग तोच विळा घेऊन भिकाबाईकडं गेली. भिकाबाईनं तिला बसवलं, पाणी दिलं आणि बाज पुढं ओढली. "काप बाई. तुझ्या जिवाला बरं वाटत असंल तर काप."

शकुंतलाबाईकडं तसं झालं नाही. तिची लेक चार दिवसांपूर्वीच बाळंत होऊन घरी आलीय. आमचं परस आणि तिचं परसदार यांच्यात एक कमरेएवढी भिंत आहे. सगळं ऐकू येतं.

"शकुंतले, बाजेखाली शेगडी ठेवू नको. न्हाईतर दोर तरी कापू दे."

"काहून? बाज चांगली हाय."

"माझ्या नातीचं काय झालं ते तुला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय. सारा गाव म्हणतो, ती बाजच तशी होती. आमच्या बाजेला काय झालं? तुमीच विणली, तुमीच छाती ठोकून सांगितलं, नातवंडांपर्यंत टिकंल."

"चुकलं माझं."

"आता बाळंतिणीच्या घरात विळा घेऊन चुकलं म्हणता? तुमचं झालं ते झालं, गोजरबाई. आमच्या दारात आणू नका."

काल ती पुन्हा गेली, विळा घरी ठेवून. जन्मात कुणाच्या पाया पडली नाही ती बाई. काल पडली. शकुंतलाबाईचा आवाज मऊ झाला, पण उत्तर बदललं नाही. "म्हातारीच्या मनावर परिणाम झाला," असं ती मागून कुणाला तरी सांगत होती. संध्याकाळी सोनाजीनं आईला बजावलं, आता त्या घरी जायचं नाही, लोक हसून राहिले.

आज सकाळपासून माझ्या खुरावर हात ठेवून ती उभी आहे. माझ्या लाकडाला तेल लागून महिने झाले. खालच्या दांडीत वाळवी शिरलीय, तिला ती दिसते आहे, आणि ती काही करत नाही. मीही मागत नाही. मला परत विणा, असं मी म्हणणार नाही. चुलीत घाला, एका दिवसाचा स्वयंपाक होईल.

मागणं एकच आहे आणि ते तुमच्याकडं आहे, कारण इथं कुणी ऐकत नाही. तुमच्या घरी प्लास्टिकच्या दोराची बाज असेल तर तिच्यावर बसा, भाजी निवडा, पापड वाळवा, उन्हाळ्यात अंगणात निजा. तिच्याखाली विस्तव ठेवू नका. हाताला सोसलं म्हणून ठेवू नका, आजी म्हणते म्हणून ठेवू नका, काल काही झालं नाही म्हणून आज ठेवू नका.

भिंतीपलीकडं कुणीतरी शेगडी फुंकतंय. निखारा तडतडलेला ऐकू आला. गोजरबाईनं माझा खूर सोडला. भिंतीला धरत, पाय ओढत ती निघाली. तिनं हाक मारली, "शकुंतले." मग जरा मोठ्यानं, "शकुंतले, लेकीला उठव तिथून."

पलीकडं परसदाराची कडी आतून लागली.