मोत्यांचा हार आणि माशाची शेपटी

पुतण्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी आठवड्यातून दोन दिवस बसतो. एक टेबल, दिवा, भिंग, छोटा तराजू. चांदी-मोत्यांचा जुना दागिना कुणाच्या हातचा, अस्सल की नक्कल, आणि साधारण किती किमतीचा, एवढं सांगायचं माझं काम. चाळीस वर्षं केलं, तरी दाखल्यावर सही करताना पेन अडखळतं. हल्ली दुपारनंतर डोळे इतके शिणतात की एका मोत्याचे दोन दिसायला लागतात.

त्या दिवशी दोघी आल्या. पन्नाशीची लेक आणि तिची म्हातारी आई. आईला जवळजवळ दिसत नव्हतं. लेकीने तिला खुर्चीत बसवलं, चपटा डबा माझ्यापुढे ठेवला आणि घड्यांवर फाटत आलेला एक कागद उलगडला.

"अकरा वर्षांपूर्वी इथूनच नेला होता."

सही माझी होती. वर लिहिलं होतं: चांदी अस्सल, मोती अस्सल, कारागिराची खूण नाही, सबब त्याच्या कामाची नक्कल.

ज्याची नक्कल म्हटलं होतं, तो कारागीर आमच्या धंद्यात फार मोठा. इतरांनी टाकून दिलेले वेडेवाकडे मोती तो चांदीच्या पानांत असे बसवायचा की ते तिथेच उगवले असावेत. त्याची खूण म्हणजे इवलासा मासा, दागिन्याच्या मागच्या बाजूला ठोकलेला. मासा असला तर त्याचा, नसला तर कुणाचाही.

"आई त्याच्याकडे एकोणीस वर्षं मोती ओवत होती," लेक सांगू लागली. "काम सोडताना त्याने हा हार स्वतः करून दिला, असं ती म्हणायची. तुमचा कागद आला आणि ती घरात थापाडी ठरली. वहिनी तर म्हणते, उरलेसुरले मोती उचलले असतील."

"उचलले नाही, लांबवले म्हणते," आई म्हणाली. "तिचे शब्द नीट सांग."

"बरं, लांबवले. आता पुढच्या महिन्यात त्याच्या कामाचं प्रदर्शन आहे. हार ठेवता का विचारलं, तर ते लोक म्हणाले, आधीचा दाखला असेल तर आणा. आणला, आणि त्यांनी तो वाचून परत दिला."

मी हार हातात घेतला. मोती दाताच्या कडेवर हलकेच घासला. बारीक खरखर लागली, म्हणजे अस्सल. दोन मोत्यांमध्ये रेशमाची एकेक गाठ, सगळ्या एका मापाच्या. पानांच्या मागे काहीच नव्हतं. हे सगळं मी तेव्हाही पाहिलं असणार.

"हं," मी म्हणालो.

"तेव्हाही असंच हं म्हणाला होतात," आई म्हणाली.

मी हार अडकवायच्या हुकाची आत सरकणारी जीभ बाहेर ओढली. हे मी शेवटी का केलं, ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी त्या कारागिरावरच्या एका पुस्तिकेत मी वाचलं होतं की सुरुवातीच्या आणि घरच्या माणसांना दिलेल्या वस्तूंवर तो मासा हुकाच्या जिभेवर ठोकायचा. तेव्हा मला हा हार आठवला नाही असं म्हटलं, तर ते खोटं होईल. आठवला होता. पत्ता कुठे शोधायचा, म्हणून मी पान उलटलं.

जिभेवर एक खाच होती. वरून नुसता चांदीचा मुलामा तर नाही, हे बघायला अशी खाच कानशीने पाडतात आणि तिच्यात ॲसिडचा थेंब सोडतात. मी त्यासाठी नेहमी जीभच निवडायचो, कारण तिथे कुणी बघत नाही. कारागिरानेही माशासाठी तीच जागा निवडली होती, बहुधा त्याच कारणाने. खाच उलटी तिरकी होती, डाव्या हाताने पाडलेली. सगळा बाजार मला डावरेकाका म्हणतो, ते उगीच नाही. खाचेच्या कडेला शेपटीची दोन टोकं शिल्लक होती. पुस्तिका काढून शेपटी तिच्यातल्या चित्राशी मापली. जुळली.

कागदावर मी खूण नाही असं लिहिलं होतं, आणि ती मीच खरवडून काढली होती.

मी तसं सांगितलं. लेकीने पुन्हा विचारलं आणि मला पुन्हा सांगावं लागलं.

पुतण्या दारात उभा होता. "काका, जरा बाहेर या." बाहेर तो दबक्या आवाजात म्हणाला, "नवा दाखला द्या ना, पुसट खूण आढळली म्हणून. कानस कशाला मध्ये आणता? उद्या जो तो जुने कागद घेऊन उभा राहील."

"राहू दे. या कानशीने अजून किती मासे खाल्लेत, तेही कळेल."

"तुमचा विनोद दुकानाला परवडत नाही, काका."

त्याचं चुकत नव्हतं. पण नुसतं पुसट म्हटलं, तर प्रदर्शनवाले विचारणार, पुसली कुणी? आणि बोट पुन्हा म्हातारीकडेच जाणार. मी आत आलो आणि लिहिलं. तीन कागद वाया गेले. पहिल्यात मी स्वतःची बाजू मांडत होतो, दुसऱ्यात रडत होतो. चौथ्यात एवढंच: हार त्याच कारागिराच्या हातचा, हुकाच्या जिभेवरची माशाची खूण माझ्या कानशीने नष्ट झाली, शेपटी शिल्लक आहे, आधीचा दाखला चुकीचा होता.

"आता किंमत?" लेकीने विचारलं.

"मासा पूर्ण असता तर त्या कागदातल्या आकड्याच्या दसपट. आता पाचपट धरा. उरलेली मी घालवली."

"आणि प्रदर्शन?"

"ते त्यांच्या हातात. मी उद्या स्वतः जाऊन सांगेन." एवढं बोलल्यावरच उद्याचे जिने आठवून माझे गुडघे दुखायला लागले.

आई इतका वेळ बोटांनी गाठी मोजत होती. ती म्हणाली, "वाचून दाखवा."

मी वाचला.

"ते 'माझ्या कानशीने'पासून परत."

मी परत वाचलं. तिने हात पुढे केला, कागद घेतला आणि लेकीला न देता स्वतःच्या पिशवीत ठेवला.

"प्रदर्शनवाल्यांकडे उद्या जा," ती म्हणाली. "आज हा सुनेला दाखवायचाय. मोठ्याने वाचायला लावणार आहे."

लेक हसली. माझ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही, आणि पाहावं असं मी काही केलंही नव्हतं. दोघी गेल्यावर मी कानस खणात टाकली, दिवा बंद केला, आणि पुतण्याकडे जुन्या दाखल्यांच्या वह्या मागितल्या.