मधला नंबर

“मामाजीले नंबर विचारा बाई, पण लढाईचं नोका विचारू. सांगतेत, अन् मंग चार-चार दिवस ताटासमोर नुसते बसून राहतेत.”

जयवंता हे मला अंगणातच म्हणाली, मी चपला काढायच्या आधी. रुपरावजींची ती सून. मी मान हलवली. मनात म्हटलं, सासऱ्याला जपते, चांगलंच आहे. शिवाय बी.ए.ला माझा एक विषय मानसशास्त्र होता. साचलेलं बोलून टाकलं की माणूस हलका होतो, असं पुस्तकात दिलेलं होतं. त्या पेपरात मला सेहेचाळीस मार्क पडले होते.

ही एकोणऐंशी सालची गोष्ट. पारशिवनीच्या स्टँडवर उतरून तीन किलोमीटर चालत मी रुपरावजींच्या गावात पोचले होते. कडेवर सव्वा वर्षाची मुलगी. तिला घरी ठेवणं शक्य नव्हतं, कारण नवरा तारऑफिसात आणि माझी माय, बायजाबाई, हिला दिसत नव्हतं म्हटलं तरी चालेल. काचबिंदूने तिचा एक डोळा गेला होता. दुसऱ्याचं डॉक्टर नक्की सांगत नव्हते. बसमध्ये प्रत्येक थांब्याला मी मुलीच्या कपाळाला हात लावून पाहिला. शेजारची बाई शेवटी म्हणाली, ताप नाही वं तिले, तुले आहे.

आले होते वडिलांच्या कामासाठी. माझे वडील बळीराम बेचाळीस साली कामठीला महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात गेले आणि लढाई संपल्यावर घरी येऊन मिलमध्ये लागले. लढाईची पदकं अर्ज करून मागावी लागतात, हे त्यांना कोणी सांगितलं नाही की त्यांनी ऐकलं नाही, कोण जाणे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या नागपूरच्या इंदोरा वस्तीतले जुने शिपाई पांढऱ्या सदऱ्यावर पदकं लावून पुढे चालत. बाबा त्यांच्याच रांगेत असत, नुसत्या सदऱ्याने. एका वर्षी आमच्या गल्लीतले चंपतराव सगळ्यांसमोर म्हणाले, “बळीराम, तू तं भांडे घासाले होता ना गा तिकडं?” लोक हसले. बाबाही हसले. माय हसली नाही.

बाबा शहात्तरमध्ये वारले. तीन वर्षांत मायने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. “त्याचे बिल्ले आण. मले दिसून राहिलं तोवर आण. फोटोखाली लावाचे आहेत.”

बाबांचं लष्करातून सुटल्याचं पुस्तक पत्र्याच्या पेटीत होतं. ते घेऊन मी माजी सैनिकांच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूंनी पुस्तक उघडलं, चार पानं उलटली आणि मिटून माझ्यापुढे सरकवलं. ते म्हणाले, यात खाडाखोड आहे.

होतीच. मी घरी ती मोजली. अकरा ठिकाणी काळ्या शाईचे चौकोन होते, आखून काढल्यासारखे.

मायला विचारल्यावर कळलं. छप्पन साली दीक्षा घेऊन बाबा घरी आले, देव्हाऱ्यातले टाक आणि मूर्ती विहिरीत सोडून आले, आंघोळ केली आणि हे पुस्तक घेऊन ओसरीवर बसले. फौजेत त्यांना रोमन लिपी शिकवली होती. पुस्तकात जिथे जिथे ‘महार’ लिहिलेलं होतं तिथे तिथे त्यांनी ते झाकलं. मायने विचारलं, हे काय करून राहिले? ते म्हणाले, देव गेले, आता हे एवढं राहिलं होतं. त्या अकरांपैकी चार ठिकाणी तो शब्द जात म्हणून होता आणि सात ठिकाणी रेजिमेंटच्या नावात होता. तो फरक करत बसण्याचा तो दिवस नव्हता. शाई वापरली ती मिलमध्ये कापडाच्या गाठींवर खुणा करायची, कारण तीच घरात होती. ती पानातून आरपार गेली. मागच्या बाजूला बाबांचा लष्करातला नंबर होता, त्याचे शेवटचे दोन आकडे तिने बुडवले.

बाबू वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं की नंबराशिवाय रेकॉर्डवाले कागद शोधू शकत नाहीत. बळीराम नावाचे शंभर असतील. पूर्ण नंबर आणा, आणि तो माहीत असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा, मग पुढे पाठवतो.

असा माणूस एकच होता. एकाच दिवशी, एकाच रांगेत भरती झालेले रुपरावजी.

ते खाटेवर ताठ बसले होते. पासष्टीचे असतील. मी जय भीम केला, बळीरामची मुलगी प्रेमिला म्हणून ओळख सांगितली. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग म्हणाले की नाक बापाचंच आहे, त्यायनं तुले देलं अन् तू हिले. मी येण्याचं कारण सांगताच ते आत जाऊन मेणकापडात गुंडाळलेलं स्वतःचं पुस्तक घेऊन आले. पण उघडलं नाही. उभे राहिले आणि परेडला म्हणावा तसा नंबर म्हणाले, एकेक आकडा तोडून. शेवटी चार, एक.

मग बसले. “एकेचाळीस मी. माह्या मागं धोंडबा. धोंडबाच्या मागं तुहा बाप. लिहून घे, त्रेचाळीस.”

मी लिहून घेतलं. काम झालं होतं. आत जयवंता भाकरी थापत होती, तिच्या हाताचा आवाज येत होता. मुलगी ओसरीवर रांगत होती आणि कडेला सुपात हरभरे होते, तिकडे माझं लक्ष होतं. उठायला हवं होतं मी.

मी विचारलं, “मधले धोंडबा कुठे असतात काकाजी?”

आतला आवाज थांबला.

“पाणी नंबरानं आणाचं,” रुपरावजी म्हणाले. जणू मी तेच विचारलं होतं. “आज चाळीस गेला, तं उद्या एकेचाळीस, परवा बेचाळीस. कोणाची काही कटकट नाही. त्या दिवशी माही पाळी होती. अन् माहं पोट चालून राहिलं होतं, उभं राहाले येत नव्हतं. धोंडबा म्हणे, तू पड गा, मी जातो, उद्या तू जा माह्या पाळीनं. दोन डबे घेतले अन् नाल्यात उतरला.”

“मग?”

“मंग डबे सापडले. भरून काठावर ठेवले होते, एकाशी एक लावून. तो नाही सापडला. त्याले मेला नाही लावलं, मिसिंग लावलं. त्याची माय कन्हानले राहे. दरसाल ये मले पुसाले. मी सांगो, बुढे, दवाखान्यात आहे, येईन. सात वर्स सांगतलं. आठव्या वर्सी ते आलीच नाही.”

मी मुलीच्या तोंडातून हरभऱ्याचा दाणा बोट घालून काढला. ती रडली. रडणं थांबेपर्यंत काही बोलावं लागलं नाही.

जयवंताने जेवायला वाढलं. वांग्याची भाजी, भाकरी, मिरचीचा ठेचा. रुपरावजी ताटासमोर बसले. मी जेवले. मुलीला भाकरी कुस्करून भरवली. आम्ही उठलो तेव्हा त्यांच्या ताटातली भाकरी तशीच होती, अर्धी दुमडून ठेवलेली. जयवंता मला वेशीपर्यंत सोडायला आली. वाटेत ती मुलीच्या दातांविषयी बोलली, दुसरं काही नाही.

पुढच्या आठवड्यात रुपरावजी प्रतिज्ञापत्रासाठी नागपूरला आले. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टायपिस्ट बसतात, त्यांतल्या एकाने मजकूर केला. ‘माझ्या व मयत यांच्या मध्ये धोंडबा नावाचा इसम होता’ हे वाक्य त्याने दोनदा वाचून दाखवलं आणि विचारलं की हा इसम साक्षीला येईल का. रुपरावजी म्हणाले, नाही येणार. सही केली. कागद माझ्या हातात देताना म्हणाले, “धोंडबाचंही लिहून दे ना वं बाई. त्याचेही बिल्ले असतीन. त्याचं मांगणारं कोणी नाही.”

मला नियम ठाऊक होता, बाबूंनीच सांगितला होता. मृताचं पदक वारसालाच मिळतं. तरी मी म्हटलं, लिहिते काकाजी. खोटं बोलायचं म्हणून नाही बोलले. मुलीचं अंग खरंच गरम होतं आणि मला घरी जायचं होतं.

सात महिन्यांनी रजिस्टर पार्सल आलं. पुठ्ठ्याच्या डबीत चार पदकं होती आणि रंगीत फितीचे तुकडे वेगळे. माय मान तिरपी करून, उरलेल्या डोळ्याच्या कडेने पाहू लागली. मग पाहणं सोडून तिने बोटांनी चाचपायला सुरुवात केली. हा कोणता? हा ब्रह्मदेशाचा. अन् हा? मी एकेकाचं नाव वाचून सांगितलं. तिने फिती स्वतः ओवल्या, मला हात लावू दिला नाही. दोन उलट्या ओवल्या गेल्या, त्या तशाच आहेत. फोटोखाली खिळा ठोकायला माझ्या नवऱ्याला तिने तीनदा जागा बदलायला लावली.

त्या चौदा एप्रिलला मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा माय दार उघडं टाकून बसली होती. चंपतराव आत आले. फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “चार? मले तं तीनच भेटले.”

माय त्या दिवशी हसली. इतकी, की ठसका लागला.

त्यानंतर महिन्याभराने रुपरावजी आले. फोटोपुढे टाचा जुळवून उभे राहिले, प्रत्येक पदक उलटं करून कडेला कोरलेला नंबर वाचला. त्रेचाळीस, त्रेचाळीस, त्रेचाळीस. एकावर काहीच कोरलेलं नव्हतं, ते त्यांनी दोनदा फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

“धोंडबाचे आले?”

तेव्हा मी सांगितलं. नियम सांगितला, वारस म्हणजे कोण ते सांगितलं. आई, बायको, मुलं. माय मध्येच म्हणाली, पोरीनं हे पहिलेच सांगाले पाहिजे होतं. रुपरावजी रागावले नाहीत. ते नीट ऐकत होते, सूचना ऐकावी तसे.

“अन् ज्याच्या पाळीनं गेला, तो वारसात नाही धरत?”

फॉर्मवर तसा रकाना नाही. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण ते म्हणाले, “तू लिही. धरत नसतीन तं तेच सांगतीन.”

मी अर्ज लिहिला. शुद्ध मराठीत, अर्धं पान. धोंडबाच्या नंबरापुढे ‘अर्जदाराशी नाते’ असं लिहून मी थांबले आणि त्यांना विचारलं. ते म्हणाले, लिही, मागचा नंबर. मी लिहिलं.

हा अर्ज मान्य होणार नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. बाबूंना दोष नाही. त्यांनी तो घेतला, शिक्का मारला आणि वर पाठवतो म्हणाले. वरचं टपाल सोमवारी येतं, उत्तर आलं की कळवू, असंही म्हणाले. रुपरावजींनी त्यातलं एवढंच धरलं की उत्तर येणार आहे, आणि ते घ्यायला कोणी हजर पाहिजे.

दिवाळीनंतर जयवंता माझ्याकडे आली. मी तिला पाट दिला, चहा केला. ती मला काही बोलेल म्हणून मी वाट पाहत होते, तिने बोलायलाही हवं होतं. ती पदकांकडे बघत म्हणाली, “मामाजीले आता एक सोमवारच ध्यानात राहते. बाकीचे वार इचारतेत, सोमवार नाही इचारत.” दर सोमवारी ते धुतलेला सदरा घालून पहिल्या गाडीने नागपूरला येतात. कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसतात, दाराकडे तोंड करून. कोणी विचारलं तर नंबर सांगतात. आधी स्वतःचा नाही, बेचाळीस सांगतात. दोनदा ते परतलेच नाहीत, दुसऱ्या दिवशी गावात पोचले. कुठे राहिले, ते सांगता आलं नाही. तिच्या नवऱ्याला शेतावरून निघता येत नाही आणि तिच्याच्याने एकटीने नागपूर होत नाही, त्या दिवशी आली तीही शेजारणीसोबत.

मी तीन सोमवार गेले. त्यांच्याशेजारी बसले, डबा दिला, पाच वाजता स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, काकाजी, उत्तर आलं तर पोस्टाने येईल. ते म्हणाले, त्याच्या मायलेही मी असंच सांगो.

आता मला जाता येत नाही. दुसऱ्या खेपेचा आठवा महिना आहे, डॉक्टरांनी रिक्षासुद्धा बंद केली आहे. मायला आता अजिबात दिसत नाही. पदकं ती रोज हाताने पुसते. ती मला दर सोमवारी दुपारी विचारते, रुपराव आला असन का वं? आणि मी घड्याळ बघते.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कोणाचं सोमवारी सिव्हिल लाइन्सकडे काम निघालं, तर माजी सैनिकांच्या कचेरीत एकदा डोकावा. उंच, ताठ बसलेले, हातात मेणकापडाची गुंडाळी, तेच रुपरावजी. त्यांना समजावू नका, त्यांना सगळं समजतं. फक्त पारशिवनीची शेवटची गाडी सव्वापाचला सुटते, तेवढी त्यांनी धरली का, हे जरा बघा.