सासवा विरुद्ध सुना

फिएस्टाच्या, म्हणजे जत्रेच्या दिवशी आमच्या गावात बास्केटबॉलची मॅच असते, सासवा विरुद्ध सुना. हरतील त्यांनी चरबीने बरबटलेल्या आख्ख्या गावाच्या कढया घासायच्या, आणि जिंकतील त्यांनी संध्याकाळी त्याच कोर्टावर नाचायचं. लग्न झाल्यापासून मी नुसत्या कढयाच घासतेय. यंदा मात्र मी नाचणार म्हणजे नाचणारच होते!

माझी सासू नानाय पुरिंग (नानाय म्हणजे आई) ही सासवांची कॅप्टन. मॅचच्या आधी तिने माझ्यापुढे गुळातल्या चिकट भाताची ताटली सरकवली. "खा गं अर्लिन, ताकद लागते." किती माया करते बाई, असं म्हणत मी सगळं चाटूनपुसून खाल्लं.

मग कळलं माया कसली ती. पळा, थांबा, वळा, उडी मारा, परत उलटं पळा! पोटात भाताचा गोळा, छातीत धडधड, तोंडाला कोरड. सासवा आपल्या उभ्या उभ्या एकमेकींकडे चेंडू फेकताहेत आणि आम्ही सुना मधल्यामधे धावतोय.

"नानाय, जरा हला की!" मी धापा टाकत ओरडले.

"मी दम साठवतेय," ती म्हणाली. "तू उधळ!"

तरीसुद्धा शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघांचे सारखेच गुण, चेंडू माझ्या हातात आणि वाटेत एकटी सासू. तिने काय करावं? आशीर्वाद देताना करतात तसा शांतपणे उजवा हात पुढे केला. आणि मी मूर्ख! मोठ्यांचा हात समोर आला की कपाळाला लावायचा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. वाकले आणि लावला की कपाळाला!

"देव तुझं भलं करो, बाळ," असं म्हणत तिने डाव्या हाताने चेंडू काढून घेतला आणि सुटली.

"नानाय! चीटिंग!" मी तिच्या मागे. साठवलेला सगळा दम तिने त्या एका धावेत जाळला. चेंडू जाळीतून खाली पडला, शिट्टी वाजली, आणि ती धप्पकन आडवी झाली. मीही तिच्या शेजारीच कोसळले. हरलो होतो. मला रडूही येत होतं आणि हसूही आवरेना.

"ऊठ. कढया वाट बघताहेत," ती कशीबशी म्हणाली.

"उठवत नाहीये."

"मलापण नाही गं!"

दोघींच्या पोटऱ्यांत गोळे आलेले. चौघांनी ओढून पाहिलं, तर आम्ही अशा किंचाळलो की त्यांनी नादच सोडला. तोवर संध्याकाळ झालीच होती; बँड सुरू झाला आणि आख्खं गाव आमच्याभोवती नाचायला लागलं.

सासूने माझं मनगट धरून वर उचललं.

"पायच गेलेत ना? मग हात हलव की, वेडे!"