काचेच्या दारावरचा ओढा

मुलांनो, माझ्याबरोबर पंचवटीत चला. डोळे मिटायची गरज नाही, नाहीतर पुढचं वाचणार कसं? मनात फक्त एक काचेचं दार उभं करा, नवं कोरं. आतलं सगळं दिसतंय: ओळीनं मांडलेले वॉकर, चाकांच्या खुर्च्या, कुबड्या. दारावर एकच शब्द आहे. आता त्या दारासमोर आठ वर्षांच्या योगिनीला उभं करा. तिच्या हातात झेंडूच्या फुलांची पिशवी आहे आणि शेजारी तिची आजी, कुसाबाई.

दोघी मखमलाबादहून आल्या होत्या. आजोबा मळ्यात घसरून पडले होते आणि त्यांच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "उद्यापासून वॉकर धरून चालवा. पडून राहिले तर पाय आखडतील, मग उठणं अवघड."

वॉकर कुठे मिळतो, हे कुसाबाईला माहीत होतं. आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू फुकट वापरायला देणारी एक संस्था होती. बरं वाटलं की वस्तू परत करायची, म्हणजे ती पुढच्याला मिळते. संस्थेचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण लोक म्हणायचे 'वॉकरवाले'. इतकी वर्षं त्यांचं ऑफिस पिठाच्या गिरणीमागे होतं. शटर कायम वर, कोणीही सरळ आत जायचं. तिथून आणलेल्या खुर्चीवर थोडं पीठ असायचंच. परवा संस्था या नव्या जागेत आली. सामान लागलं होतं, पण नावाची पाटी अजून पेंटरकडेच होती; गिरणीवाल्यानं नुसतं काचेचं दार शोधायला सांगितलं होतं.

"काय लिवलंय गं?" आजीनं विचारलं.

योगिनीनं मोठ्यानं वाचलं, "ओढा."

कुसाबाई थबकली. "मंग हे ओढ्याच्या लोकांचं हाय."

नाशिकजवळ ओढा नावाचं गाव आहे, ठाऊक आहे ना? नसेल तर आता झालं.

"माझी नणंद ओढ्याला दिलीय. तिला तरी संगं आणायला पायजे होतं," आजी म्हणाली. "आपण मखमलाबादचे, आपल्याला कोण देणार? चल."

"पण आजी, आत वॉकर दिसतायत."

"दिसतायत म्हणून दुसऱ्या गावचं मागायचं व्हय?"

योगिनी दोन पावलं चालली आणि थांबली. शाळेत रस्सीखेच असली की सगळी मुलं काय ओरडतात, ते तिला आठवलं. ती मागे फिरली. तिनं दाराची मूठ धरली आणि ओढली. दार उघडलं.

"या, या," आतून संस्थेच्या साधनाताई उठल्या. "सकाळपासून तुम्हीच पहिल्या. लोक येतात, दाराशी थांबतात नि परत जातात. एक लाल मुंडाशातले बाबा तर दोनदा येऊन गेले. मला वाटलं, नव्या फरशीला बुजतात."

"फरशीला कोण बुजतंय? तुम्ही ओढ्याचं लिवलंय ना."

साधनाताई बाहेर गेल्या, स्वतःचं दार वाचलं आणि इतक्या हसल्या, की आत येऊन त्यांना जवळच्या चाकांच्या खुर्चीत बसावं लागलं. "आजी, दार ओढा, असं म्हणायचं होतं."

"मंग तसं लिवायचं. नुसत्या ओढ्यावरून माणसानं काय समजावं?"

साधनाताईंनी वॉकर आणला. त्याच्या मुठींना जुन्या लुगड्याच्या मऊ पट्ट्या गुंडाळल्या होत्या. "आधी नवसाबाई म्हणून एकींनी नेला होता," त्या म्हणाल्या. "परत देताना म्हणाल्या, पट्ट्या राहू द्या, पुढच्याच्या हाताला टोचणार नाही."

कुसाबाई त्या पट्ट्यांवरून हात फिरवत राहिली. "ना ओळख, ना पाळख," ती हळूच म्हणाली. "त्या बाईला माझा नमस्कार सांगा." मग तिनं योगिनीच्या हातातली फुलांची पिशवी घेऊन टेबलावर ठेवली. "आणि ही फुलं. नको म्हणू नका. नव्या जागेला तोरण नाय, बरं दिसतं का?"

साधनाताईंनी सुईदोरा शोधून दिला आणि आजी तिथंच फुलं ओवायला बसली. योगिनीनं कागद आणि स्केचपेन मागून घेतलं. दातांखाली जीभ धरून तिनं मोठ्या अक्षरांत 'दार' लिहिलं आणि बाहेर जाऊन 'ओढा'च्या आधी चिकटवलं.

तेवढ्यात तिला रस्त्याच्या कडेला लाल मुंडासं दिसलं. बाबा तिसऱ्यांदा आले होते. काठी टेकून त्यांनी लांबूनच दाराकडे पाहिलं आणि पुन्हा पाठ फिरवली.

योगिनी धावली. तिनं त्यांचा हात धरला आणि हळूहळू, दाराच्या दिशेनं, त्यांना ओढायला लागली.