दोन कोअरची चिप

लिडिया बाई भिंगारच्या एका तंत्रनिकेतनात बारा वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होत्या. नवी आलेली शिक्षिका निकिता सहा महिन्यांतच सगळ्यांची लाडकी झाली, हे त्यांना सलत होतं. काष्टीच्या शेतकरी साळूबाईंच्या कांदाचाळीत गरम झालं की पंखा लावणारं आणि मोबाईलवर तसं कळवणारं यंत्र बनवायचं ठरलं, तेव्हा निकिता म्हणाली, "दोन कोअरची चिप घेऊ. एक कोअर पंखा सांभाळेल, दुसरा मोबाईलवर मेसेज पाठवेल, दोन्ही कामं एकाच वेळी."

"एक कोअर पुरे," बाईंनी तोडून टाकलं. खरं तर त्यांनाही तेच सुचलं होतं, पण ती आधी बोलून गेली होती.

चाळीत चाचणी घेतली तेव्हा रेंज नव्हती. मेसेज पाठवण्यात अडकलेली एका कोअरची चिप पंखा काही सुरू करीना.

"पंखा फिरंना का वो, म्याडम?" साळूबाईंनी विचारलं, तेही निकिताला. निकितानं लिडिया बाईंकडं पाहिलं आणि ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचाच बाईंना जास्त राग आला.

परतताना त्या कशाबशा म्हणाल्या, "दोन कोअरची मागव. पण प्रोग्राम मी लिहिणार."

"लिहा की. मी शेजारी बसून शिकते."

निकिता हे मनापासून म्हणाली, आणि तेही बाईंना झोंबलं.